फर्स्ट कॉपी घड्याळांच्या हौसेसाठी कर्ज काढावे का?

स. न. वि. वि.

आपले सविस्तर पत्र वाचले. आपण चिंचवडच्या एका कारखान्यात टूल डिझाइन विभागात काम करता, वय ३६, हातात येणारा पगार ९२,००० रुपये. गृहकर्जाचा ३१,५०० रुपयांचा हप्ता धरून घरखर्च ७०,००० रुपये होतो, मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा ८,००० रुपयांची एसआयपी चालू आहे आणि बचत खात्यात १,१०,००० रुपये आहेत. गेल्या तीन वर्षांत आपण महागड्या स्विस घड्याळांच्या पाच फर्स्ट कॉपी घेतल्या. त्यांच्यावर २,१०,००० रुपये गेले. शिवाय त्यांची काच, काटे, डायल, बेझल (काचेभोवतीचे कडे) बदलून ती मूळ घड्याळाच्या अधिकाधिक जवळ नेण्यासाठी सुटे भाग आणि अवजारे यांवर १,१५,००० रुपये खर्च झाले, त्यांपैकी अवजारांचे ३५,०००. आता रोलेक्सच्या सबमरीनर या घड्याळाची ‘सुपर क्लोन’ म्हणवली जाणारी प्रत ६०,००० रुपयांना घ्यायची आणि तिच्यात १,२०,००० रुपयांचे अस्सल सुटे भाग बसवायचे, असे आपण योजले आहे. त्यासाठी १६ टक्के दराने एक वर्षाचे वैयक्तिक कर्ज घेणार आहात, एसआयपी वर्षभर थांबवणार आहात आणि गरज पडल्यास जुन्या पाचांतली दोन घड्याळे विकणार आहात. हा संग्रह मालमत्ता म्हणून धरता येईल का, हेही आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना आपल्याला अंदाज बांधत बसावे लागणार नाही. हे कर्ज घेऊ नये आणि ती दोन घड्याळेही विकू नयेत. मात्र घड्याळ उघडून त्यात हात घालण्याची जी ओढ आपल्या पत्राच्या ओळीओळीत दिसते, ती आपण जपावी असे मला मनापासून वाटते, आणि आपल्या पगारात ती जपणे शक्यही आहे.

प्रथम कर्जाचे पाहू. १,८०,००० रुपयांवर १६ टक्के दराने बारा महिन्यांचा हप्ता सुमारे १६,३३० रुपये बसतो. वर्षभरात व्याजापोटी साधारण १६,००० रुपये जातील, प्रक्रिया शुल्क वेगळे. ही रक्कम फार मोठी नाही, असे आपण म्हणाल, आणि एका अर्थी ते खरे आहे. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. गृहकर्ज आणि हे कर्ज मिळून हप्ते ४७,८३० रुपयांवर, म्हणजे पगाराच्या निम्म्याहून वर जातात. एसआयपी वजा जाता आपल्या हातात आज महिन्याला १४,००० रुपये उरतात; नवा हप्ता त्यात मावत नाही, म्हणूनच एसआयपी थांबवण्याचा विचार पुढे आला आहे. मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या शिक्षणासाठीच्या गुंतवणुकीतून जी वर्षे वगळू, ती नंतर दुप्पट हप्ता भरूनही पूर्णपणे भरून निघत नाहीत, कारण सुरुवातीच्या पैशाला वाढायला सर्वाधिक काळ मिळतो.

आता मालमत्तेचा प्रश्न, ज्यावर आपण सर्वांत जास्त विश्वास टाकला आहे. आपला हिशेब असा की १,८०,००० रुपये खर्चून तयार झालेल्या घड्याळाला जुन्या घड्याळांच्या बाजारात अडीच लाख येतील, कारण त्यातील काच, डायल, काटे अस्सल असतील. सुट्या भागांची बेरीज म्हणजे घड्याळाची किंमत, असे येथे गृहीत धरले आहे आणि तेच गृहीतक टिकत नाही. आपण स्वतः हे काम करता, तेव्हा आपल्याला ठाऊक असेलच की अस्सल डायल क्लोन मूव्हमेंटवर, म्हणजे नकली घड्याळाच्या आतल्या यंत्रणेवर, नेहमी नेमकी बसत नाही. तिच्या मागचे पाय छाटावे लागतात आणि मग ती चिकट ठिपक्यांनी बसवावी लागते. पाय छाटलेली डायल पुन्हा अस्सल घड्याळात घालायला कोणताही चांगला कारागीर नाखूश असतो. म्हणजे भाग बसवला त्याच क्षणी त्याची पुनर्विक्री किंमत घसरते. अस्सल घड्याळाचा मालक ते भाग पूर्ण दराने घेणार नाही, आणि ज्याला फर्स्ट कॉपीच हवी आहे, तो त्यांच्यासाठी एवढे पैसे मोजणार नाही. अडीच लाख देणारा ग्राहक एकच उरतो: ज्याला हे घड्याळ अस्सल वाटले आहे तो.

येथून प्रश्न पैशांच्या पलीकडे जातो. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणे, तसे चिन्ह असलेला माल विकणे आणि विक्रीसाठी जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. त्याला सर्वसाधारणपणे किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद, तसेच ५०,००० ते २,००,००० रुपये दंड आहे. स्वतःच्या मनगटासाठी घेतलेले घड्याळ आणि विकायला ठेवलेले घड्याळ यांत कायद्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे, आणि जुन्या पाचांतली दोन विकण्याचा आपला बेत आपल्याला त्या अंतरापलीकडे नेतो. ‘घेणाऱ्याला मी फर्स्ट कॉपी आहे हे स्पष्ट सांगेन’ असे आपण लिहिले आहे. त्यामागचा प्रामाणिकपणा मला दिसतो. पण डायलवर दुसऱ्याचे नाव आहे तोवर विक्रीचा दोष त्याने पुसला जात नाही. शिवाय आपल्याकडून घेणारा पुढच्या माणसाला तेच सांगेल याची हमी कोण देणार? आपण जितके कसब ओताल तितके ते घड्याळ तिसऱ्या-चौथ्या माणसाची अधिक सहज फसवणूक करू शकेल. या गोष्टीचा विचार आपण पत्रात केलेला नाही. तो करावा अशी माझी विनंती आहे.

परदेशातून कुरिअरने मागवण्याचेही तसेच आहे. बनावट मालाच्या आयातीबाबत २००७ चे नियम आहेत. वैयक्तिक वापरासाठी आलेल्या लहान, बिगरव्यापारी पार्सलांना त्यांतून सूट असली, तरी विक्रेते पाकिटावर जी नाममात्र किंमत लिहितात ती सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार खोटी घोषणाच ठरते आणि त्यावरून माल जप्त होऊ शकतो. जप्त झालेल्या वस्तूची पावती आपल्याकडे नसते, विक्रेता पत्ता देत नाही आणि पैसे अशा मार्गाने गेलेले असतात की बँकेकडे तक्रार करायलाही जागा उरत नाही. ज्या खरेदीत पावती, हमी आणि तक्रारीची सोय यांपैकी काहीच नाही, तिच्यासाठी कर्ज काढू नये, हा नियम मी माझ्या सर्व अशिलांना सांगतो.

देखभालीचा मुद्दाही विसरू नये. क्लोन मूव्हमेंट वरवर मूळ रचनेसारखी दिसत असली, तरी तिचे सुटे भाग नियमित मिळत नाहीत. मूळ कंपनीचे सेवा केंद्र तिला हात लावत नाही आणि गावातला घड्याळवाला भाग कुठून आणायचा म्हणून ती परत करतो. पाण्यात वापरायचे घड्याळ असेल, तर प्रत्येक वेळी मागचे झाकण उघडल्यावर रबरी गॅस्केट तपासून दाबाची चाचणी घ्यावी लागते. मुलीला पोहायला नेताना हे घड्याळ घालण्याचा आपला विचार आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

तेव्हा आपल्या ताळेबंदात या पाच घड्याळांची किंमत शून्य धरावी. हे वाचून वाईट वाटेल, याची मला जाणीव आहे. ती वापरा, त्यांचा आनंद घ्या, फक्त अडीअडचणीला उपयोगी पडतील असे समजू नका. तीन वर्षांच्या ३,२५,००० रुपयांतून खऱ्या अर्थाने टिकून राहिलेली गोष्ट म्हणजे ३५,००० रुपयांची अवजारे: टाइमग्राफर (घड्याळाची चाल मोजणारे यंत्र), काच बसवण्याचा प्रेस, झाकण उघडण्याची चावी, चांगले चिमटे. आणि त्यांच्याबरोबर आपल्या हाताला आलेले वळण. हा भाग मी मनापासून मौल्यवान मानतो आणि पुढची सारी योजना त्याच्याभोवती बांधावी असे मला वाटते.

आपण लिहिले आहे की उघडून पाहिलेले पहिले घड्याळ वडिलांचे एचएमटी जनता होते, आणि ते आजही बंद अवस्थेत कपाटात आहे. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूत सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. चावी देऊन चालणारी जनता, पायलट, कोहिनूर ही घड्याळे आजही जुन्या बाजारात काही हजारांत मिळतात. त्यांची मूव्हमेंट साधी, शिकायला उत्तम, आणि दुरुस्त केलेले घड्याळ उघडपणे विकता येते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: जुन्या एचएमटी आणि सेइकोच्या नावाखाली भडक रंगाच्या, नव्याने रंगवलेल्या डायलची, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेली घड्याळे मोठ्या प्रमाणावर विकली जातात. परदेशी संग्राहक त्यांना मुंबईचे नाव लावून ओळखतात, ही आपल्याला भूषणावह गोष्ट नाही. डायल मूळ आहे की रंगवलेली, हे ओळखण्याची नजर आपल्याकडे आहेच. ती येथे कामी येईल.

दुसरा मार्ग भाग जुळवून स्वतःचे घड्याळ बांधण्याचा. सेइकोचे एसकेएक्स००७ हे खोल पाण्यात उतरणाऱ्यांसाठीचे घड्याळ १९९६ मध्ये आले आणि २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याच्या घाटाचे केस (बाहेरचे कवच), बेझल, नीलमणी काच, काटे स्वतंत्रपणे बनवणारे अनेक उत्पादक आज आहेत. त्यात बसणारी एनएच३५ ही स्वयंचलित मूव्हमेंट सेइको समूह इतर उत्पादकांनाही विकतो; पूर्ण चावीवर ती सुमारे ४१ तास चालते. बिघडली तर दुरुस्तीत वेळ न घालवता अख्खी बदलता येते, इतकी ती परवडणारी आहे. डायलवर कोणाचेही नाव नसलेली कोरी डायल घ्यावी. दुसऱ्या कंपनीचे नाव छापलेल्या डायलही याच बाजारात मिळतात आणि त्या घेतल्या तर आपण पुन्हा त्याच जागी येऊन पोहोचतो. सबमरीनरचे बेझल हलवताना येणारा तो घट्ट, नेमका आवाज आपल्याला आवडतो असे आपण लिहिले आहे. चांगल्या बेझल स्प्रिंगने आणि संयमाने तो आवाज आपल्या स्वतःच्या घड्याळातही काढता येतो, आणि तो काढण्यात आपण आजवर घेतलेल्या कष्टांचे चीज होईल.

हौसेला मोल नसते असे आपल्याकडे म्हणतात, आणि ज्या घरात हौसेला जागाच नाही अशा घराची आर्थिक योजना मी कधीही सुचवणार नाही. गेल्या तीन वर्षांत आपली हौस महिन्याला सरासरी ९,००० रुपयांची झाली. तिला ३,००० रुपयांवर आणावे. वर्षाचे ३६,००० रुपये हे भाग जुळवून घड्याळे बांधण्यासाठी आणि जुनी एचएमटी दुरुस्त करण्यासाठी चांगली रक्कम आहे. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, एखाद्या महिन्यात खर्च झाले नाहीत तर पुढे साठू द्यावेत, आणि दुरुस्त केलेले एखादे एचएमटी विकले तर ती रक्कम त्याच खात्यात टाकावी. उरलेले ११,००० रुपये दरमहा आपत्कालीन निधीत जावेत. सहा महिन्यांच्या खर्चासाठी ४,२०,००० रुपये हवेत, आपल्याकडे १,१०,००० आहेत. ३,१०,००० रुपयांची ही तूट या गतीने साधारण अठ्ठावीस महिन्यांत भरून निघेल, वार्षिक बोनस त्यात घातला तर आणखी लवकर. वाहन उद्योगात मागणी मंदावली की कारखान्यांत काय होते, ते चिंचवडला राहणाऱ्या माणसाला मी सांगण्याची गरज नाही. एसआयपी तशीच चालू ठेवावी.

निधी पूर्ण झाल्यावर एखादे अस्सल स्विस घड्याळ घ्यायचे असेल, तर ते अवश्य घ्यावे, बचतीतून घ्यावे. घाई करण्याचे कारणही नाही. भारत आणि एफ्टा (स्वित्झर्लंड ज्याचा सदस्य आहे तो युरोपीय देशांचा गट) यांच्यातील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरील आयात शुल्क त्यानुसार टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे. तेही गुंतवणूक म्हणून घेऊ नये. २०२२ च्या सुरुवातीला जुन्या महागड्या घड्याळांच्या बाजारात भाव शिखरावर होते, त्यानंतर ते बरेच खाली आले. तेव्हा चढ्या भावाने घेतलेल्यांना अजून त्याची झळ बसत आहे.

सुपर क्लोनसाठी विक्रेत्याला १०,००० रुपये आगाऊ दिले आहेत, ते बुडतील म्हणून उरलेले देणे भाग आहे, असे आपण शेवटी लिहिले आहे. ते पैसे परत मागून पाहा आणि न मिळाल्यास सोडून द्या. १०,००० वाचवण्यासाठी १,७०,००० घालण्यात हिशेब बसत नाही. पत्नीला या छंदाची कल्पना आहे पण आकडा ठाऊक नाही, हेही आपण मोकळेपणाने कळवले, याबद्दल मी आपला आभारी आहे. ३,२५,००० हा आकडा आणि वरची ३,००० रुपयांची मर्यादा, दोन्ही एकाच वेळी त्यांच्यासमोर ठेवावीत.

नव्या खात्यातील पहिल्या महिन्याचे पैसे वडिलांच्या जनतावर खर्च करावेत. आपण केलेल्या वर्णनावरून मेनस्प्रिंग (घड्याळाला गती देणारी मुख्य स्प्रिंग) तुटली असावी. ती बदलून, स्वच्छता आणि तेलपाणी करून घड्याळ टाइमग्राफरवर लावा आणि दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जाते ते मला अवश्य कळवा.

आपला,
आर्थिक सल्लागार