इंग्लंडमधील मोफत शालेय वाहतूक

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. नऊ वर्षांच्या मुलाची शाळा अडीच मैलांवर आहे आणि आम्ही दोघेही नोकरी करतो, तरीही कौन्सिलने मोफत बस नाकारली. हे योग्य आहे का?

उत्तर : केवळ अंतर पाहिले, तर निर्णय नियमाला धरून आहे. आठ वर्षांखालील मुलांसाठी दोन मैल आणि त्यापुढे सोळा वर्षांपर्यंत तीन मैल अशी मर्यादा असून, तिच्या पलीकडे राहणाऱ्या मुलाला जागा उपलब्ध असलेल्या सर्वांत जवळच्या योग्य शाळेपर्यंत मोफत नेणे कौन्सिलवर बंधनकारक आहे. पालकांची नोकरी हे सहसा कारण धरले जात नाही. नोकरदार घरांची त्यात ओढाताण होते, हे मला मान्य आहे. मात्र कमी उत्पन्नामुळे मुलाला मोफत शालेय जेवण मिळण्याचा हक्क असेल, तर त्याच्या वयासाठी दोन मैलांचीच मर्यादा लागू होते.

रस्ता मात्र स्वतः चालून पाहावा. मोठ्या माणसाच्या सोबतीनेही तो सुरक्षित नसेल, उदाहरणार्थ पदपथ नसलेल्या वाहत्या रस्त्यावरून जावे लागत असेल, तर तीन मैलांच्या आतही हक्क मिळतो. अशा जागांची शाळेच्या वेळेतील छायाचित्रे जोडून कौन्सिलकडे लेखी अपील करावे.