महाबळेश्वरजवळ ओढ्याकाठी दिसलेला नेचा (फर्न) दुर्मिळ आहे का, हे कसं ओळखायचं?

लिंगमळ्याच्या खालच्या अंगाला ओढ्यात कमरेएवढा नेचा दिसला, शेंड्याला तपकिरी फुलोरा होता आणि सोबतचा गाववाला ‘हा इथं फार नाही’ म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. फोटो लांबून काढलाय, पण त्या फुलोऱ्यानं अर्धं काम केलं. नेच्याला फुलं येतच नाहीत. ते बीजाणूंचे, म्हणजे नेचा ज्यांतून रुजतो त्या बारीक कणांचे, घोस आहेत. पानाच्या खालच्या पर्णिका (पानाचे छोटे भाग) हिरव्या आणि शेंड्याकडच्या आक्रसून तपकिरी, असं असेल तर माझा कौल ऑस्मुंडा नावाच्या नेच्याला. गाववाल्याचं बरोबर आहे, आपल्याकडं तो मोजक्याच ओल्या जागी सापडतो.

आता घोळ कुठं होतो ते सांगतो. महाबळेश्वरच्या उघड्या उतारांवर माजलेला असतो तो ब्रॅकन नावाचा दुसरा नेचा. त्याचं खोड जमिनीखालून आडवं पळतं, म्हणून पानं सुटी-सुटी वर येतात. पानाची कड खाली दुमडलेली असते आणि बीजाणू त्या दुमडीत. ऑस्मुंडाची पानं मात्र एकाच बुंध्यातून झुबक्यानं येतात. हिरवी पर्णिका उलटून बघा, पाठ कोरी असते, एक ठिपका नाही. दहापट भिंगातून घोसाकडं पाहिलंत तर गोल पिशव्यांची दाटी दिसते. ताजे बीजाणू चक्क हिरवे असतात आणि फार दिवस तग धरत नाहीत. पडल्या पडल्या ओल मिळाली तर रुजणार, म्हणून ओढ्याचा काठ साफ केला की हा गेलाच समजा.



उपटू मात्र नका. ऑर्किडवाल्यांना याच्या मुळांचा काथ्या हवा असतो, तेवढं संकट पुरे आहे. नमुना घ्यायचाच तर आधी वनखात्याची परवानगी. जातीचं नेमकं नाव पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागातल्या जाणकारांकडून पक्कं करून घ्या, त्यांच्याकडं जुने वाळवलेले नमुने आहेत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर जागा लपवून टाका.

पुढच्या खेपेला अख्खं झाड, बुंधा, पानाची पाठ आणि घोस असे चार फोटो काढा. बुंध्याचा इथं टाकलात तरी ब्रॅकनची शंका फिटेल.