सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी भावाचं डोकं अजून का दुखतंय?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ खानापूर रोडवर गाडीवरून पडला, बेळगावात काढलेला सीटी नॉर्मल आला, पण दहा दिवसांनीही डोकं दुखतं, चिडचिड होते, टीव्ही लावला की तो ताट घेऊन आतल्या खोलीत जातो. आणि घरचे म्हणतात नाटकं करतोय.

दादा, तो नाटकं करत नाही. सीटीत रक्तस्राव, हाडाची मोड दिसते. त्याला बहुधा कन्कशन झालंय, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला जोराचा हिसका बसतो आणि पेशींचं काम काही काळ बिघडतं, ते सीटीत दिसत नाही. आवाज, उजेड सोसत नाही, विसरायला होतं. हे घरच्यांना आजच सांगा, कारण संशयानं पोरगं जास्त खचतं.

विश्रांती पहिले एक-दोन दिवस. पुढे दिवसभर अंधारात पडून राहणं उलट नडतं. रोज थोडं चालू दे, त्रास वाढला की थांबू दे. झोप वेळेवर, मोबाइल कमी, दारू बंद. बहुतेक मोठी माणसं दोन ते चार आठवड्यांत सावरतात; नाहीतर न्यूरोलॉजिस्टला दाखवा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी नको, आणि तालमीत जात असेल तर कुस्ती मुळीच नको. बरं होण्याआधी डोक्याला पुन्हा मार बसणं फार धोक्याचं.

परत परत उलट्या, फिट, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं, जागं करूनही नीट जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच 108 ला फोन करा.