कुंड्यांना ठिबक नव्हे, वात लावा

खिडकीत टांगती फळी करून तिच्यावरील कुंड्यांना आठवडाभर आपोआप पाणी मिळेल अशी सोय कशी करावी, त्यासाठी ठिबक बरे की आणखी काही, आणि खर्च किती येतो, असे आपण विचारले आहे. ठिबकचा उल्लेख वाचला आणि उत्तर लिहायला बसले, कारण याच मुद्द्यावर आमच्या घरात सहा वर्षे वाद चालू आहे.

आम्ही जळगावात राहतो. माझे थोरले दीर, ज्यांना सगळे नाना म्हणतात, रावेरकडे केळी करतात आणि ठिबकवर त्यांची श्रद्धा आहे. मी पश्चिमेच्या खिडकीत फळी टांगली तेव्हा, होळीच्या सुमारास, त्यांनी स्वतः वर पंधरा लिटरची बादली अडकवली, बारीक नळी खाली आणून पाच कुंड्यांवर पाच ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडे, बसवले आणि "आता बघायचं काम नाही" असे सांगून ते गेले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी आठ दिवस अमळनेरला माहेरी गेले. परत आले तेव्हा बादली कोरडी होती, पहिल्या कुंडीतील माती वाहून भिंतीवर तिचा ओघळ वाळला होता आणि शेवटच्या कुंडीतील मोगऱ्याच्या कळ्या देठावरच करपल्या होत्या. तिथला ड्रिपर टाचणीने खरवडला तर तोंडातून चुन्यासारखा पांढरा थर निघाला. "बादलीला गाळणी लावली नसेल तुम्ही," एवढेच नाना म्हणाले, आणि आजही तेच म्हणतात.

पाण्यात विरघळलेला क्षार गाळणीने अडत नाही. शिवाय शेतातील ठिबकला चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब मिळतो, म्हणजे दहा मीटर उंच टाकीएवढा. मीटरभर उंचीवरच्या बादलीतून त्याचा दहावा हिस्सा मिळतो. एवढ्या कमी दाबात एक ड्रिपर दोन इंच खाली असला तरी तो जास्त पाणी ओढतो आणि वरच्याला कमी मिळते. केळीच्या बागेत नाना पूर्ण बरोबर आहेत. तीन फुटांच्या फळीवर ते चुकले, आणि ते त्यांनी मान्य करायला हवे होते.

वातीचे, म्हणजे एक टोक पाण्यात आणि दुसरे कुंडीच्या मातीत असलेल्या सुती नाडीचे, तसे नाही. माती सुकेल तसे वात पाणी वर चढवते, ओली असेल तर ओढ आपोआप मंदावते. मी जुन्या दाराची सागवानी फळी घेतली, तीन फूट लांब, आठ इंच रुंद आणि पाऊण इंच जाड. प्लायवूड पाण्याने फुगते, ते घेऊ नये. फळीखाली चार इंची पीव्हीसी नळी दोन्ही टोकांना टोपणे चिकटवून क्लँपने आवळली. फळीला आणि नळीला गिरमिटाने समोरासमोर पाच भोके पाडली, आणि पाणी ओतण्यासाठी टोकाला झाकणाचे एक. प्रत्येक भोकातून पायजम्याची सुती नाडी, आधी पाण्यात पूर्ण भिजवून, कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत मातीत नेली. नाडी कोरडी लावली तर पाणी चढायला सुरुवातच होत नाही. फळी पाणसळीने सरळ करावी, नाहीतर एका बाजूच्या वाती लवकर उघड्या पडतात. नळीत साडेसात लिटर मावते, मी सहा भरते. मे महिन्यात ते आठ-नऊ दिवस पुरते, थंडीत पंधरवड्याहून अधिक. आपली काळी माती कुंडीत घालू नये, ती ओली असताना चिकट होते आणि सुकली की वातीपासून सुटते. निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मे गांडूळखत आणि थोडी जाड वाळू पुरे.

वजन हलके समजू नका. कुंड्या, फळी आणि पाणी मिळून वीस किलोच्या आसपास भरते. हुक विटांच्या सांध्यात न ठोकता खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटेलमध्ये फास्टनरने बसवावेत आणि दोर नव्हे, जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी साखळी वापरावी, कारण आपल्याकडच्या उन्हात प्लास्टिकचा दोर तडकतो. मी कुंड्या ठेवण्यापूर्वी दोन्ही साखळ्यांना वीस-वीस लिटरचा एकेक जार रात्रभर लटकवून पाहिला.

सुती नाडी मातीत कुजते. मी दिवाळीला आणि आखाजीला बदलते. वातीनेही क्षार वर चढतोच, नानांना इतपत मी मान्य करते, म्हणून महिन्यातून एकदा कुंड्या खाली उतरवून वरून भरपूर पाणी ओतावे. नळीचे भोक उघडे ठेवले तर डेंग्यूचे डास होतात. भोकांभोवती कापड घट्ट बसवा. स्नेक प्लांट आणि जेड वातीवर ठेवू नका, ती सडतात. खर्चाचे सांगायचे तर फळी घरचीच असल्यामुळे मला नळी, साखळी आणि हुक एवढाच आला. घर भाड्याचे असेल तर भोक पाडण्यापूर्वी मालकांना विचारा, किंवा ग्रील भिंतीत पक्की बसलेली असल्याची खात्री करून साखळी तिच्या आडव्या पट्टीला अडकवा.