आठवणी लिहायला बसताना
सुरुवात जन्मापासून करू नका. ३ वर्षांच्या आधीचं जे ‘आठवतं’, ते बहुधा फोटोंतून किंवा घरच्यांच्या तोंडून आलेलं असतं; मीही त्यात फसलोय. त्यापेक्षा एखादी वस्तू धरा. आजोबांचा चष्मा, दाराची कडी. तिचा आवाज, वास लिहा, माणसं मागोमाग येतात.

वडीलधाऱ्यांना त्यांच्या १० ते ३० या वयातलं विचारा, तिथलं बरंच टिकून असतं. ‘तेव्हा कसं होतं?’ असं मोघम नको. ‘शाळेत कुणाबरोबर जायचात?’ असं.

बहिणीची आठवण तुमच्याशी जुळली नाही तर वाद घालू नका (मी घातला, दोन महिने अबोला!). आठवण दर उजळणीत थोडी बदलू शकते, तिचीही, तुमचीही. दोन्ही लिहा, खाली तारीख टाका.