सरपण गेल्या हिवाळ्याचे हवे

प्रश्न : माझा मुलगा आणि सून यांनी अमेरिकेतील मेन राज्यात एक जुने घर घेतले असून ते लाकडाच्या शेगडीवर तापवले जाते. नोव्हेंबरात त्यांनी दोन ‘कॉर्ड’ सरपण मागवले आणि ट्रकने ते अंगणात ओतले. १६ इंची तुकड्यांची ४ फूट उंच रांग रचल्यावर ती ३२ फूटच भरली. लाकूड धुमसते आणि शेगडीची काच काळी पडते. शेजारी मात्र आता जानेवारीत, गुडघाभर बर्फात झाडे तोडत आहेत. मुलाची फसवणूक झाली आहे का, आणि तोडणी भर थंडीत कशासाठी?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : कॉर्ड म्हणजे ४ फूट उंच, ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब अशी नीट रचलेली थप्पी, म्हणजे फटी धरून १२८ घनफूट. १६ इंची तुकड्यांच्या एकेरी रांगेत दोन कॉर्ड भरायला ४८ फूट लांबी लागते. ३२ फुटांत एक कॉर्ड आणि वर तिसरा हिस्सा एवढेच बसते. मेनमध्ये न रचता ओतलेल्या सरपणासाठी वेगळे माप आहे आणि १२ किंवा १६ इंची तुकड्यांच्या सुट्या कॉर्डला १८० घनफूट धरतात, म्हणजे ट्रकच्या हौद्यात ३६० घनफूट माल असायला हवा होता. थप्पीतले लाकूड जाळण्याआधी टेप लावून तिची छायाचित्रे काढली असतील, तर ती विक्रेत्याला दाखवून उरलेला माल मागणे रास्त आहे.

मला अधिक काळजी वाटते ती ओलाव्याची. कोकणात मृगाआधी आपण आगोटीची बेगमी करतो आणि पडवीत लाकूडफाटा रचतो. तिथे हीच बेगमी निदान एक वर्ष आधी करावी लागते. शुगर मेपल या तिकडच्या झाडाच्या ताज्या लाकडाची एक कॉर्ड दोन टनांहून अधिक भरते आणि त्यातले कित्येक शे किलो नुसते पाणी असते. ते शेगडीत गेले की आचेचा काही भाग पाणी उकळण्यातच खर्ची पडतो. पेटलेल्या तुकड्याच्या कापलेल्या टोकाकडे पाहावे : तिथून फेस फुटून चर्र आवाज येत असेल, तर ते लाकूड जाळण्याजोगे झालेले नाही. गार पडलेला धूर धुराड्यात डांबरासारखा चिकटतो आणि पुढे तोच पेट घेतो, म्हणून धुराडे याच आठवड्यात जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावे. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. तुकडा पुन्हा फोडून आतल्या ताज्या बाजूला मापकाच्या सुया टोचल्या, तरच खरा आकडा कळतो. मेपल आणि बीच यांना वर्षभर वाळवावे लागते, रेड ओकला दोन वर्षेही लागतात. त्यामुळे शेजारी आज तोडत आहेत ते या हिवाळ्यासाठी नव्हे.

भर थंडीत तोडण्याचे कारण जमिनीत आहे. गोठलेली, बर्फाने झाकलेली भुई यंत्राचे वजन पेलते, झाडांची मुळे चिरडत नाहीत आणि एरवी पाय रुतेल अशा दलदलीतूनही ओंडके ओढून आणता येतात. पूर्वी हे काम घोडे आणि बैल करीत, आणि घसरगाड्यांची वाट निसरडी व्हावी म्हणून रात्री तिच्यावर पाणी शिंपडून बर्फ धरू देत. कडाक्याची थंडी फोडणाऱ्याच्याही बाजूने असते. उणे वीस अंशांत गोठलेला मेपलचा ओंडका घणकुऱ्हाडीच्या एका घावात काचेसारखा तडकतो, तर उन्हाळ्यात त्याच गाठीत पाचर अडकून बसते. तरीही हे काम जिवावरचे आहे, आणि बर्फ तुडवीत कुणाच्या दारी सरपण ओतून जाणाऱ्या माणसाला त्याचे दाम वेळेवर मिळाले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

या हिवाळ्यापुरते जवळच्या विक्रेत्याकडून भट्टीत वाळवलेले लाकूड किंवा भुशाच्या दाबलेल्या विटा आणाव्यात. अ‍ॅश नावाच्या झाडाचे लाकूड मिळाले तर उत्तम, कारण मुळातच त्यात पाणी कमी असते. परराज्यातून मात्र प्रक्रिया न केलेले सरपण मुळीच आणू नये. मेनमध्ये त्यावर बंदी आहे, कारण अ‍ॅशची झाडे मारणारा हिरवा भुंगा सरपणाबरोबरच दूरवर पसरतो. घरात असलेले ओले लाकूड जमिनीपासून उचलून, वर झाकण आणि बाजू उघड्या ठेवून, वारा लागेल असे रचून ठेवावे. पुढच्या हिवाळ्यात त्यातले बरेचसे उपयोगी पडेल. कमी पडेल तेवढ्याची मागणी आताच नोंदवावी, कारण बर्फ वितळू लागला की चिखलामुळे अनेक रस्त्यांवर जड ट्रकना मनाई होते आणि ती उठेपर्यंत वाळवणीचे चांगले दिवस हातचे जातात.