वाचकांचे प्रश्न : डग्गा घुमतो, तंबोरा हरवतो

प्रश्न (परभणी) : आमची खोली १२ बाय १० फूट, उंची १० फूट, खाली शहाबादी फरशी. ३० वॅटचा जुना ॲम्प्लिफायर आहे. साडेसहा इंची वूफरचे (खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या पडद्याचे) दोन स्पीकर भिंतीतल्या शोकेसमध्ये ठेवलेत. ख्याल लावला की डग्गा घुमतो, तंबोरा ऐकूच येत नाही, मागे सतत 'घूं' चालू असतं. ४० हजारांत नवा ॲम्प्लिफायर घ्यावा का?

उत्तर : ॲम्प्लिफायर बदलू नका. एवढ्या खोलीला ३० वॅट भरपूर झाले. खरी अडचण शोकेसची आहे. कोनाड्यात खालचे स्वर फुगतात. त्यातून तुमच्या खोलीची रुंदी आणि उंची सारखीच, त्यामुळे ५६ आणि ११२ हर्ट्झच्या आसपासचे स्वर जास्तच उठतात. डग्ग्याचा घुमारा याच टापूतला, आणि त्याखाली तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची बारीक झणझण, दबते.

स्पीकर १० फुटी भिंतीपुढे स्टँडवर घ्या. वूफरचा मध्य मागच्या भिंतीपासून ३० इंच, बाजूच्या भिंतीपासून २४ इंच. ही दोन अंतरं सारखी ठेवू नयेत. दोन स्पीकरांत ६ फूट राहतील. तुम्हीही प्रत्येकापासून ६ ते साडेसहा फुटांवर बसा, पाठ भिंतीला टेकवू नका. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला हवा. गादीवर बसून ऐकत असाल तर २४ इंची स्टँड उंच पडतो, १६ ते १८ इंची करून घ्या.

मग टाळी वाजवून बघा. 'टर्रर्र' असा आवाज परत आला तर स्पीकर आणि बैठकीच्या मधे जाड सतरंजी अंथरा. कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या उभ्या करा, भिंतीपासून ३-४ इंच सोडून. ११२ हर्ट्झचा फुगारा त्यानं उतरतो. ५६चा मात्र गाद्यांनी फारसा आवरत नाही. नुसते पातळ पडदे लावू नका. ते वरचे स्वर खातात, म्हणजे जवारी जाते आणि डग्गा होता तसाच राहतो.

'घूं'साठी व्हॉल्यूम शून्यावर घ्या. आवाज थांबला तर दोष ॲम्प्लिफायरच्या आधीच्या जोडणीत आहे. एकेक वायर काढत जा. बहुतेक वेळा डिशची केबल जोडलेला टीव्ही सापडतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, २ च्या आत असावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की अर्थिंग हमखास ढिलं होतं. खड्ड्यात पाणी घालत राहा. घूं जावी म्हणून अर्थची पिन काढणं जिवावर बेतू शकतं. लाइट गेल्यावरच घूं वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, साइन वेव्हचा घ्या.

एवढं करून महिनाभर ऐका. तरी मन भरलं नाही तर पैसे स्पीकरवर घाला, सबवूफरवर नको. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, सुमारे ६९ हर्ट्झला असतो. ५५ पर्यंत स्वच्छ उतरणारा स्पीकर पुरे. निवड ट्वीटर ऐकून करा.

प्रश्न (लातूर) : एलपीच्या शेवटी द्रुत सुरू झालं की आवाज फाटतो. सुई बदलली, फरक नाही.

उत्तर : तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण सुईखालचा खोबणीचा वेग कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो, आत २१ पर्यंत उतरतो. विलंबित बाहेर आणि दाट तानांचं द्रुत आत, म्हणून कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) जरा तिरकं बसलेलं असलं तरी तिथंच उघडं पडतं. प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन जुळवायच्या आखीव पट्टीवर, ठेवून ते सरळ करा. सुईचा भार काट्यावर मोजा आणि कंपनीनं दिलेल्या मर्यादेत वरच्या अंगाला ठेवा. भार कमी पडला की सुई खोबणीत उड्या मारते आणि रेकॉर्ड जास्त खराब होते. रेकॉर्डी उभ्याच ठेवा. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात आडव्या रचल्या तर वाकतात.